आगराचा तळमजला

आंजर्ल्याला आलेला पाहुणा नेहमी वर पाहतो. पाखाडी चढून कड्यावरच्या गणपतीला जातो, तिथून समुद्र न्याहाळतो, आणि खाली गावात उतरला की पुन्हा मान वर करून पोफळींचे शेंडे पाहत चालू लागतो. कोकणाचे वर्णन करणाऱ्या आमच्या बहुतेक लेखकांची मानही अशीच वळलेली असते. नारळ, पोफळ, आंबा, फणस; फार तर दारातली अबोली. मी मराठी शिकवते, त्यामुळे असे वर्णनपर उतारे तपासण्याचा योग मला दर वर्षी येतो. त्या उंच झाडांच्या पायाशी काय उगवते आणि ते कोण खाते, याचा उल्लेख त्यांत शोधूनही सापडत नाही.

तेव्हा या लेखात आपण खाली पाहू.

दापोलीपासून आंजर्ले एस्. टी.ने तासाभराच्या वाटेवर आहे. आता खाडीवर पूल आहे. पूर्वी तरीतून यावे लागे. गावाची रचना किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांसारखीच. मधून अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्याआड घरे. आमचे घर समुद्राच्या अंगाला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर, न्हाणी, आणि मग आगर. आगर संपले की पुळण आणि पुळणीपलीकडे समुद्र. आगर म्हटले की नवख्या माणसाला वाटते, काळीभोर जमीन असेल. तसे काही नसते. खाली निव्वळ वाळू असते. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या पडलेला पातेरा, शेण आणि राख कुजून जो वीतभर काळा थर तयार झालेला असतो, तेवढीच काय ती जमीन. बाकी सगळी समुद्राची.

हे मला कळले ते ३ जून २०२० नंतर.

त्या दिवशी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनाऱ्यावरच्या बागा त्याने काही तासांत आडव्या केल्या. आमच्या आगरातल्या नव्वद पोफळींपैकी अकरा उभ्या राहिल्या. नारळ सात पडले. घराची कौले गेली ती वेगळीच. टाळेबंदीचे दिवस होते. मला पुण्याहून निघायला दिवाळी उजाडावी लागली. मागच्या पडवीच्या दारात उभी राहिले, तर समोर समुद्र दिसला. या दारातून समुद्र दिसतो हे मला माहीतच नव्हते! लहानपणापासून तिथे नुसता हिरवा अंधार पाहिलेला. ज्या मातीवर दुपारी चार कवडसे पडायचे, तिच्यावर आता लख्ख ऊन होते.

आमची काकू तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. काका जाऊन बरीच वर्षे झाली. चुलतभाऊ, म्हणजे दादा, नोकरीनिमित्त ठाण्याला. काकू आणि गडी असे दोघांचे राज्य. दादाने सरळ हिशेब मांडला. आज लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे, भरात यायला दहा. बाणवली नारळाचेही तेच. तोवर खायचे काय? उलट गावात प्रवासी येतात, कासवांचा हंगाम पाहायला येतात, त्यांना राहायला जागा लागते. जमीन मोकळी झालेलीच आहे, तर ती साफ करावी, सपाट करावी, चार खोल्या बांधाव्यात, बाकीच्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून गाड्यांची सोय करावी. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. दूर राहून रडणाऱ्या माणसांनी जवळ राहून कर फेडणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये, असे माझे मत आहे.

काकूने त्याच्याशी वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "नव्या पोफळीला पोय दिसेपर्यंत थांब. तोवर जमीन माझ्याकडे दे."

"पण तोवर त्या जमिनीत करणार काय तू?"

"झाकून ठेवणार."

या झाकून ठेवण्याचा प्रकार मी गेली पाच वर्षे प्रत्येक सुट्टीत पाहत आले आहे. काकूचे म्हणणे असे, की जमीन कधी उघडी टाकू नये. "अगो, बाळंतिणीला कोणी उघड्यावर निजवतं का?" हा तिचा दृष्टान्त. शास्त्रही तेच सांगते. कोकणातला पाऊस उघड्या वाळूवर पडला की थेंबागणिक तो काळा थर उडतो, वाहतो, आणि चार पावसाळ्यांत समुद्राचे समुद्राला परत जाते. पावसाळा सरला की आश्विनाच्या उन्हात तीच वाळू अशी तापते, की वरच्या वितीतली ओल दोन दिवस टिकत नाही. पोफळीचे रोप तर उन्हाला फार नाजूक. कोवळ्या खोडाला पश्चिमेचे ऊन लागले की साल करपते. म्हणून रोपांना सावलीला केळ लावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. केळीखाली काय लावायचे, हा प्रश्न काकूचा.

वादळानंतरच्या पहिल्याच पावसात तिने रताळ्याचे वेल लावले. पडलेली खोडे ओढून बाहेर काढण्याऐवजी गड्याकडून तुकडे करून उताराला आडवी ठेवली, त्यांच्यामागे चुडते पसरली आणि मध्ये वेलाचे तुकडे खोचले. तुकडा चार-पाच डोळ्यांचा, त्यातले दोन मातीत, बाकीचे वर. दीड महिन्यात जमीन दिसेनाशी झाली. रताळ्याचा कोवळा शेंडा पालेभाजी म्हणून उत्तम लागतो, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. शेंडा खुडला की वेल बाजूला फुटतो, म्हणजे खाल्ल्याने पांघरूण दाट होते. असे पांघरूण दुसरे कुठले? (रताळे मूळचे अमेरिकेतले. त्यांनी जहाजातून यायचे आणि इथल्या उपासाला चालायचे, ही मौज मला नेहमी वाटते.)

पण रताळ्यातही एक खोट आहे. कंद काढायला खणावे लागते, आणि पोफळीची मुळे वरवर पसरणारी. म्हणून २०२१ साली शंभरावर रोपे लावली, तेव्हा प्रत्येक आळ्याभोवती हातभर जागेत काकूने रताळे येऊ दिले नाही. तिथे एकपानी लावली. ग्रंथांत तिला मंडूकपर्णी म्हणतात, मराठीत कारिवणाही म्हणतात. कोणी तिलाच ब्राह्मी म्हणतात, आणि मग नीरब्राह्मीवाल्यांशी त्यांचे भांडण जुंपते. त्या भांडणात मी पडत नाही. गोल, कातरलेल्या कडेचे, बेडकाच्या पावलासारखे पान. धावरा दोऱ्यासारखा, पेरापेराला मुळे. सावली आणि ओल मिळाली की ती अशी पसरते, की आळ्यात घातलेले पाणी दिसतसुद्धा नाही. खोबरे, मिरची, मीठ घालून तिची चटणी. श्रीलंकेत हिलाच गोटुकोळ म्हणतात आणि अशीच खोबरे घालून कच्ची खातात. मात्र ती जिथे उगवते तिथले पाणी पीत असते, हे विसरू नये. न्हाणीच्या पाटाला आमच्याकडे अळू आणि केळी आहेत, तिथे एकपानीही आपण होऊन आली आहे. पण चटणीला पाने येतात ती विहिरीच्या काठची. साबणाच्या पाण्यावरची पाने कच्ची खायची नाहीत, हा काकूचा कडक नियम.

पूर्वेच्या अंगाला, जिथे ऊन जास्त, तिथे पहिल्या दोन वर्षी चवळी आणि लाल भोपळा होते. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, हे शाळेत शिकलेले. तिचा कोवळा पाला भाजीला चालतो, हे काकूकडे शिकले. गडग्याच्या कडेला, जिथे माती थोडी आणि दगड फार, तिथे पानओवा. त्याला पाण्याची हौस नाही. फांदी मोडून खोचली की झाले. त्याची भजी सर्वांना ठाऊक आहेत, तेव्हा तिथे थांबत नाही. मायाळू मांडवावर चढवतात. इथे तो जमिनीवरच सोडला आहे, आणि मातीला टेकेल तिथे मुळे धरून तो पुढे सरकतो. त्याच्या पिकलेल्या फळांचा जांभळा रस आम्ही लहानपणी शाई म्हणून वापरत असू.

हे झाले लावलेले. खरी गंमत न लावलेल्याची आहे.

ऊन जमिनीला लागल्याबरोबर, कोणी बी न टाकता, घोळ उगवली. तिचे काळे बारीक बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि उजेड मिळाला की जागे होते. म्हणून ज्यांना घोळ पेरायची असेल त्यांनी बी पुरू नये, वरच भुरभुरावे. लाल देठांची, मांसल पानांची ही वेल उन्हाळ्यात, जेव्हा बाकी सगळे मान टाकते, तेव्हा टवटवीत असते. विदर्भातली चिवळ ही तिचीच धाकटी बहीण, पान आणखी बारीक. वऱ्हाडातला उन्हाळा तिच्याशिवाय जात नाही. घोळीचे एक रहस्य काकूला अनुभवाने माहीत होते आणि मला पुस्तकाने कळले. काकू म्हणते, उन्हाळ्यातली घोळ सकाळी खुडली तर जास्त आंबट, संध्याकाळी खुडली तर कमी. मला ही आजीबाईंची कल्पना वाटली असती. पण वनस्पतिशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांनी ती खरी आहे असे सांगितले. पाणी तुटले की घोळ दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते, रात्री उघडते, रात्रभर हवा आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा ते आम्ल वापरते. म्हणजे पहाटे कोठार भरलेले आणि दिवस मावळताना रिकामे. काकू आमटीला सकाळची घेते, डाळ घालून कोरडी भाजी करायची तर संध्याकाळची. एवढ्या चिमुकल्या झाडाचे वेळापत्रक तिने कुठलेही यंत्र न लावता ओळखले.

घोळीसारखीच दिसणारी, जमिनीला चिकटून वाढणारी एक दुधी असते. ती खायची नाही. शंका आली तर देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर टाकून द्यावी. घोळीचा देठ मोडला तर नुसते पाणी येते. आणखी एक गोष्ट: घोळ आणि अंबुशी दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, आणि इतरांनीही रोज ताटभर खाऊ नये. ताकात किंवा दह्यात भाजी करण्याची जुनी पद्धत आहे तिला अर्थ आहे. ताकातला चुना ते आम्ल बरेचसे बांधून टाकतो.

अंबुशी म्हणजे तीन बदामी पानांची, पिवळ्या फुलाची. संध्याकाळ झाली की पाने मिटून निजते. पिकलेल्या शेंगेला बोट लागले की बी टपटप उडते. आमच्या घरातली पोरे याच खेळावर वाढली. तिची चटणी होते आणि तिच्याच पाल्याने देवाची तांब्या-पितळेची भांडी घासली जातात. एकाच पाटीतला पाला अर्धा पाट्यावर आणि अर्धा देवघरात! घेटुळीचे, म्हणजे पुनर्नव्याचे, तर नावच सर्व सांगते. उन्हाळ्यात वरचे सगळे वाळून जाते, मूळ खोल जिवंत राहते, पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. तिची कोवळी पाने मुगाच्या डाळीत.

दादा एकदा वैतागून म्हणाला होता, "अगं आई, हे सगळं तण आहे. तण खाई धन, असं तूच सांगायचीस ना?"

"हो ना," काकू म्हणाली. "आणि तण कोण खाई, ते सांगायचं राहिलं."

पुण्याला आमच्या महाविद्यालयात एकदा या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाले, "बाई, याला पर्माकल्चर म्हणतात." मग त्यांनी पुस्तके दिली. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात हा शब्द पुस्तकरूपाने पुढे आणला. दोघांचे हे काम टास्मानिया बेटावरचे. त्याच वर्षी जपानच्या मासानोबू फुकुओकांचे नांगराविना शेतीचे पुस्तक इंग्रजीत आले. भाताच्या शेतात जमीन झाकायला ते पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर पेरीत. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हार्ट यांनी जंगलासारखी बाग केली आणि तिचे सात थर सांगितले: उंच वृक्ष, ठेंगणे वृक्ष, झुडपे, पालेभाज्या, भुईवर पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेली. वाचताना मी आमचे आगर मोजत होते. नारळ, पोफळ, जायफळ, केळ, अळू, एकपानी, सुरण, आणि पोफळीवर चढलेली मिरी. सातही मजले भरले आणि वर एक भाडेकरू उरला. आपल्याकडे श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून असेच काही सांगितले. ते गणिताचे प्राध्यापक. त्यामुळे किती ऊन किती पानांवर पडते, याचा हिशेब ते मांडत. पडलेले ऊन पानावर झेलायचे, मातीवर वाया जाऊ द्यायचे नाही, हे त्यांचे सूत्र मला काकूच्या पांघरुणाच्या फार जवळचे वाटते.

मी ही पुस्तके काकूला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्यांच्याकडे फुरसं असतं का गो?"

प्रश्न मार्मिक होता. रत्नागिरी जिल्ह्यात जमीन पाल्याने झाकायची म्हणजे जनावराचा विचार आधी करावा लागतो. फुरसे आखूड, मातीच्या रंगाचे, आणि पायाखाली येईपर्यंत न दिसणारे. शहरातल्या व्याख्यात्यांना वेलींचे गालिचे अंथरायला काय जाते! काकूच्या आगरात म्हणून दोन हात रुंदीची वाट रोज झाडून लख्ख ठेवलेली असते, आणि पांघरुणाचे तुकडे त्या वाटेवरून हात पोचेल एवढेच रुंद असतात. आधी काठी, मग हात. दिवेलागणीनंतर पाला खुडायचा नाही. घरापासून आठ-दहा पावले तर काहीच पसरू द्यायचे नाही. रताळी झाली की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, म्हणून कंद वेळेवर काढायचे. माकडांचे मात्र काही चालत नाही. ती वेल उपटतात, रताळे एकदा चावतात, फेकून देतात आणि दुसरे उपटतात. गावात हा विषय काढला तर कोणाचेही जेवण थंड होते.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत सुमारे आगराएवढीच बाग आहे. तिथेही जमीन झाकलेली आहे, पिवळ्या फुलांच्या वेडेलियाने. तो जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या वनस्पतींच्या यादीत आहे, खाण्याच्या उपयोगाचा नाही, आणि त्याला पाणी घालायला माळी ठेवलेला आहे. कुंड्यांत उगवलेली घोळ हा माळी न चुकता उपटून टाकतो. मी ती वरून पाहते आणि जिन्याने खाली धावते.

आता आगराची स्थिती सांगायची तर, केळींनी सावली धरली आहे, पोफळीची रोपे माझ्या डोक्यावर गेली आहेत. सावली वाढली तशी घोळ आपण होऊन पूर्वेकडे सरकली आणि तिच्या जागी एकपानी आली. काकूने त्यासाठी काही केले नाही. काळा थर वाढला का, हे मी दर दिवाळीला टिकाव मारून पाहते. निदान तो कमी झालेला नाही. अजून एकाही रोपाला पोय दिसलेली नाही. काकूचे गुडघे आता बसू देत नाहीत, ती पडवीत खुर्चीवर बसून काठीने जागा दाखवते आणि खुडायचे काम वहिनी करतात. दादा निवृत्त होऊन दोघे इकडे राहायला आले आहेत. दिलेला शब्द त्याने पाळला. पण वेळ कशी काढायची हा प्रश्न खरा होता, म्हणून रस्त्याकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, आणि घरापुढच्या खळ्यात या मार्चमध्ये त्याने पेव्हर ब्लॉक घातले. मागे हात लावला नाही.

मे महिन्यात मी गेले, तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या यायला आठवडा अवकाश होता आणि खळ्यातल्या ब्लॉकांच्या प्रत्येक फटीतून घोळ वर आली होती. पाडव्याच्या रांगोळीसारख्या सरळ हिरव्या रेघा. दादा दापोलीहून तणनाशकाची बाटली घेऊन आला. तो हातपाय धुऊन चहा पिईपर्यंत वहिनींनी सूपभर घोळ खुडून स्वयंपाकघरात नेली होती. काकूने खुर्चीतून बजावले, "गाड्या लागू लागल्या की तिथली खाऊ नका हो, तेल सांडतं." मग वहिनी पदराला हात पुसत ओटीवर आल्या, बाटली उचलून तिच्यावरचे लेबल नीट वाचले आणि दादाला विचारले, "फोडली नाही ना? मग दुकानदार परत घेईल का, बघा."